दारामागचा फोटो

— अमेरिकेत? आमचा वेदांत? कोण म्हणालं तुम्हाला? — हं, हेच म्हणाले असणार, तुमचे श्रीधरकाका, दुसरं कोण. गणपतीत सांगितलं, कोजागिरीला सांगितलं, मंडळात कुणी नवीन आलं की ह्यांची रेकॉर्ड सुरू — मुलगा अमेरिकेत बेसबॉल खेळतो, पिचर आहे, फार बिझी असतो. बसा हो सुबोध, खुर्च्या कुठे पळून जात नाहीत, क्लबानं मंडळाला दिल्या म्हणजे दिल्या. तुमची गाडी येईस्तोवर चहा घ्या. आलं घालून केलाय. ह्या कँटीनमधला शेवटचा चहा आहे, नाही म्हणायचं नाही. वेदांत शाळेत होता तेव्हापासून मी हे काउंटर सांभाळतेय, उद्यापासून इथे कुलूप. मग घरं बांधणार आहेत म्हणे — बांधू देत बापडे, लोकांना राहायला नको का. — थांबा, विमान जाऊ दे. — गेलं. इथे असंच, बोलता बोलता थांबायचं. खेळाडूसुद्धा थांबायचे.

काय विचारत होतात — हां, भिंत. फोटो होते हो तिथे सगळे, रायखर्सच्या खेळाडूंचे. रायखर म्हणजे डचमध्ये आपला बगळा, क्लबाचं नावच ते. हे पांढरे चौकोन दिसतात ना, तेवढीच भिंत स्वच्छ राहिली बघा, बाकी सगळी तळणाच्या धुरानं पिवळी. इथली पद्धत अशी, की खेळाडू देशाकडून खेळला, नाहीतर अमेरिकेत कुणी घेतला, की त्याचा फोटो लागायचा — आणि खिळा त्यानंच ठोकायचा, आपल्या हातानं. काढायचा झाला तर तोही त्यानंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. म्हणून महिनाभर येतायत सगळे एकेक करून. तो वरचा मोठा चौकोन हेंकचा. कॅचर होता — पिचरनं टाकलेला चेंडू झेलायचा, एवढंच आयुष्यभर. सकाळी टपाल वाटायचा, संध्याकाळी इथे. बोटं अशी वाकडी झाली होती की कॉफीचा चमचा धरता यायचा नाही, मीच ढवळून द्यायची. चाळिशी उलटली तरी खेळला. गेल्या आठवड्यात आला, फोटो काढला, सायकलच्या टोपलीत टाकला आणि म्हणाला, वृंदा, घरी हा लावायला बायको काही जागा द्यायची नाही. हसला. मग बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला मैदानाकडे बघत, एकटाच.

त्याच्या शेजारी रुडसेल, कुरासाव बेटावरचा पोरगा. गोड हो फार. त्याला अमेरिकेतल्या मोठ्या क्लबानं घेतला होता — पण मोठ्या क्लबाच्या हाताखाली त्यांचे छोटे छोटे संघ असतात, गावोगावचे, आधी तिथे घासायला लागतं. रात्रभर बसनं जायचं, एका खोलीत चौघं, पावाला पीनट बटर लावलं की झालं जेवण. वरती बोलावलंच नाही कुणी. परत आला, इथे दोन हंगाम खेळला, आता शहरात झुइडओस्ट भागाकडे मेट्रो चालवतो. फलाटावर मी दिसले की हात करतो. आणि हा खालचा मार्टेनचा — काय चेंडू जायचा त्याचा, बापरे — तो तिशीतच गेला, अपघातात. मग त्याचा फोटो काढायचा कुणी? बायको आली. तिचा हात पुरेना, तरी कुणाला जवळ येऊ देईना. खुर्चीवर चढली — तुम्ही बसलायत ना, तीच — आणि काढला. मी आत जाऊन कांदा चिरत बसले.

आता राहिला आमचाच. वेदांतचा. भिंत भरली होती म्हणून त्याला दारामागे जागा मिळाली, दार उघडं असलं की दिसतसुद्धा नाही. — दाखवते हो, चहा तर संपवा. तो आज येणार आहे काढायला. चारला येतो म्हणालाय. — किती वाजले? — असू दे, वारा आहे, सायकलीवरून येणार म्हणजे उशीर होणारच. — अहो अमेरिकेतून कसला येतोय, श्कीपोल विमानतळावरून येतोय! कार्गोत आहे. खोकी चढवतो विमानात. इथून सरळ दिसतं बघा तुम्हाला ते. मी सांगायला नको होतं हे. ह्यांना कळलं तर — पण आता किती दिवस झाकायचं? तुम्ही बोलू नका हं कुठे, मंडळात तर नाहीच नाही.

ह्यांना मुळात बेसबॉल पटलाच नव्हता. हे पुण्याला क्लब क्रिकेट खेळलेले, फास्ट बोलर. चेंडूला टप्पाच नाही, हा कसला खेळ, म्हणायचे. पण पोराचा हात चालायला लागला, लोक उठून बघायला लागले, तशी गाडी फिरली ह्यांची. सगळ्यांत पुढच्या बाकावर हेच. फक्त एक गोष्ट शेवटपर्यंत गळी उतरली नाही — विश्रांती. इथला कोच खेरित, म्हातारा, कडक. त्याचा नियम, की पिचरनं सामना खेळला की पुढचे चार दिवस हातात चेंडू धरायचा नाही. हे म्हणायचे, थेरं आहेत सगळी, आम्ही सकाळी नेट्स आणि दुपारी मॅच, काय झालं आम्हाला? मी म्हणायची, तुम्हाला काही झालं नाही, पण तुम्हाला अमेरिकेतून बोलावणंही आलं नाही. त्यावर आठ दिवस अबोला. असो.

तर बोलावणं आलं. फोटो लागला, खिळा ठोकला त्यानं, पेढे वाटले मी इथे — डच लोकांनी खाल्ले हो आवडीनं, वाटलं चीज आहे काहीतरी. जायला महिना होता. आणि आला पंधरा ऑगस्ट. आपल्या मंडळाची क्रिकेट मॅच नसते का दरवर्षी — तीच. शुक्रवारी पोरानं इथे अख्खा सामना टाकलेला, आणि रविवारी हे त्याला घेऊन तिकडे. का? तर सगळे बघायला आलेत. अमेरिकेत चाललेला मुलगा बघायला. तो नको म्हणाला, बाबा, खेरितनं सांगितलंय. हे म्हणाले, चारच ओव्हर टाक रे, माझा मान राहील. — टाकल्या. टाळ्या काय, शिट्ट्या काय. शेवटच्या ओव्हरला त्यानं कोपर धरलं, मी बघितलं, इथून तिथवर अंतर होतं, पण आईला दिसतं ते.

गेला तसाच. तिकडे कुणाला सांगितलं नाही, दुखतंय तसंच टाकत राहिला, मग ऑपरेशन झालं, मग वर्षभर नुसतं रबर ओढायचं हातानं. मग एक दिवस त्यांनी बोलावून सांगितलं, संपलं म्हणून. घरी आला तेव्हा बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला ग्लोव्ह, तो त्यानं पुन्हा उघडला नाही. जेवायला बसलो होतो तिघं. आणि तो शांतपणे म्हणाला, "बाबा, एकदा म्हणा, माझं चुकलं. बास. मला दुसरं काही नको." काय मागितलं हो त्यानं? काय मोठं मागितलं? आणि हे आमटी वाढून घेत म्हणाले, "चार ओव्हरनं कुणाचा हात जातो का? वॉर्म-अप नीट केलं नसशील."

उठला तो ताटावरून. त्यानंतर आमच्या घरी आला नाही. माझ्याशी बोलतो फोनवर — मन थाऱ्यावर असलं की मराठीत, नसलं की डचमध्ये. ह्यांचं नाव काढलं की डच सुरू. आणि हे रोज इथे येऊन त्या बाकावर बसतात. सामना असो नसो. आणि लोकांना सांगतात, मुलगा अमेरिकेत आहे. मला आधी संताप यायचा, म्हणायची, दगड आहे हा माणूस दगड. पण मग वाटायला लागलं, तिकडे अमेरिकेत तरी त्याचा हात चांगला असेल, म्हणून पाठवतात हे त्याला.

आता सांगतेच सगळं, तुम्ही कुठे परके. आज सकाळी हे दाढी करत होते. नळ सोडलेला, वाटलं असेल मला ऐकू जात नाही. आरशासमोर म्हणत होते — वेदांत, माझं चुकलं. थांबायचे, परत म्हणायचे. कधी चुकलं, कधी चुकलं रे. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता हो! पोळी करपली माझी तव्यावर, मी आपली भिंतीला टेकून उभी. मग इस्त्रीचा शर्ट घातला, माझ्या आधी सायकल काढली आणि इथे येऊन बसलेत बाकावर, दुपारपासून. मी वेदांतला सांगितलंय, बाबा घरी असतील. खोटंच. नाहीतर आला नसता ना तो. एकदा आत आला की झालं — हे उठतील, म्हणतील, मग रडू देत नाहीतर भांडू देत. मी साबुदाणे भिजवून आलेय. त्याला खिचडी आवडते.

— थांबा, विमान. — हं. या, दार लोटते, बघा आता. हा. हात वर गेलेला, टोपी तिरकी. हनुवटी माझी आहे की नाही? उंची ह्यांची. — काय झालं? असे का बघताय?

— पाहिलंत? ह्याला? कुठे? — आत्ता? तुम्ही आलात तेव्हा, गेटशी? — निळं जॅकेट, हो, कार्गोचं आहे ते. सायकल हातात धरून उभा — आणि ह्यांची सायकल तिथेच लावलेली, सीटला पिशवी बांधलेली. ओळखली असणार त्यानं. — काय विचारलं? नीट सांगा. मराठीत विचारलं? काय शब्द होते? — "श्रीधरकाका आत आहेत का?"

काका म्हणाला.

— आणि तुम्ही म्हणालात, हो, बाकावर बसलेत, बोलावू का. — आणि तो? — राहू दे म्हणाला. — फिरवली सायकल. — नाही हो, तुमची काय चूक सुबोध, तुम्ही खरं तेच सांगितलंत. तुम्हाला काय माहीत तो कोण. बसा. नाही — बसू नका, ती बघा गाडी आली तुमची. खुर्च्या घेऊन जा. ही पण घ्या. मैदानाच्या बाजूनं जाऊ नका, इकडून मागच्या रस्त्यानं जा. ह्यांनी बघितलं तर विचारतील, कुणी येताना दिसलं का म्हणून. विचारलंच तर — तर म्हणा —

नको. काही म्हणू नका. या तुम्ही. आणि ते दार उघडं करून ठेवा जाताना, भिंतीला टेकेल असं.