स्वयंपाकघरात नेट छान येतं

...आणि वर घरचे मलाच ऐकवतात, "कालपर्यंत बरं चाललं होतं, तू हात लावलास आणि बिघडलं." बरं चाललं होतं? तुम्हाला सांगतो, ज्या घरात टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईचं तोंड उघडं राहून तिच्यावर ते चक्र गरगरायला लागलं की सगळी मंडळी शांतपणे उठतात, पाणी पिऊन येतात, वाळत घातलेले कपडे काढून, घड्या घालून, कपाटात ठेवून येतात, आणि परत येऊन बसतात तरी बाईचं तोंड तसंच उघडं असतं, त्या घरात 'बरं चाललं होतं' या विधानाला आधार काय? मी आरोप करत नाही. मी फक्त विचारतो, आधार काय?

आता माझी गरज साधी होती. शुक्रवारी दुपारी माझी मुलाखत होती, ऑनलाइन, संशोधन सहायकाच्या जागेसाठी, आणि जागा एकच. पदव्युत्तर परीक्षा झाल्यापासून मी घरी आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबा सांगतात, "तो सध्या पुढचा अभ्यास करतो." पण ज्या सुरात सांगतात ना... त्या सुरात लोक 'तो सध्या अंथरुणाला खिळलाय' असं सांगतात. बरं, याआधीच्या मुलाखतीत मी गोठलो होतो. घाबरून नव्हे, नेटमुळे. आणि गोठलो तो नेमका पापणी लवताना. म्हणजे समोरच्या तज्ज्ञांना बराच वेळ काय दिसलं असेल? तर डोळे मिटलेला, तोंड किंचित उघडं असलेला, समाधानी चेहऱ्याचा उमेदवार. त्यांनी कळवलं, "आपल्याला या पदात पुरेसा रस दिसत नाही." दिसणार कसा?

तेव्हा यावेळी मी ठरवलं की तक्रार करायची नाही, दैवाला दोष द्यायचा नाही, पद्धतशीर जायचं. नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला तर तिथली मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणाली, "सर, राउटर बंद करून पुन्हा चालू केलात का?" मी म्हटलं केला. "मग पुन्हा एकदा करा ना सर." हे म्हणजे आजाऱ्याला झोपवायचं, उठवायचं, पुन्हा झोपवायचं. मी नम्रपणे फोन ठेवला आणि राउटरच्या सेटिंगमध्ये स्वतः शिरलो. आणि शिरण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून एकच नियम सांगितला... एका वेळी एकच बदल. कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि फरक पडला, तर तो कशामुळे पडला हे सांगता येत नाही. साधी गोष्ट आहे. एका वेळी एकच बदल.

"आणि फरक नाही पडला तर?" ताईने विचारलं. ताई माझ्यापेक्षा मोठी, घरूनच काम करते, आणि मला 'शास्त्रज्ञ' म्हणते. कौतुकाने म्हणत नाही.

पहिला बदल चॅनलचा. चॅनल म्हणजे काय, तर समजा रस्त्यावरची लेन. आमच्या इमारतीतले झाडून सगळे राउटर एकाच लेनमध्ये घुसलेले, आणि शेजारच्या लेनमध्ये चिटपाखरू नाही. मी म्हटलं, आपण गुपचूप त्या मोकळ्या लेनमध्ये जाऊ. चॅनल बदलला, 'सेव्ह' दाबलं... आणि क्षणभर सगळं घर अंधारात गेल्यासारखं. दिवे चालू होते हो, पण ओरडा अंधारातला. हॉलमधून बाबा, "अरे, शेवटची ओव्हर चालू होती." खोलीतून ताई, "शास्त्रज्ञ, मी साहेबांशी बोलत होते, आता साहेब मला काय बोलतील ते तूच ऐक."

नेट परत आलं. आता मोजणी. प्रत्येकाच्या फोनमध्ये मी वेग मोजायचं ॲप टाकून दिलं होतं. बाबा हॉलमध्ये, ताई तिच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, आणि मी पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशी, राउटरखाली. मी इथून विचारायचं, त्यांनी तिथून आकडा सांगायचा. यात अवघड काय आहे?

"बाबा, किती?"

"हलतोय."

"थांबला की सांगा."

"तो थांबला की माझा फोन झोपतो."

"ताई, किती?"

"शून्य पूर्णांक लाज."

"आई, किती गं?"

"छान आहे."

"'छान' हा आकडा नाही, आई."

मग आतून, जरा अंदाज घेत, "चाळीस."

चाळीस? हॉलमध्ये मोठ्या कष्टाने आठ निघाले होते, आणि स्वयंपाकघर तर राउटरपासून सगळ्यात लांब, मध्ये दोन भिंती आणि एक फ्रिज. मी सावध माणूस आहे. म्हटलं, "आई, पुन्हा बघ."

"पुन्हा बघितलं. एकेचाळीस."

आता तुम्हीच सांगा, मोजमाप दुसऱ्यांदा केलं आणि जवळपास तेच आलं, तर अभ्यासकाने काय म्हणायचं? तो म्हणतो, सकृद्दर्शनी विश्वसनीय आहे. मीही तेच म्हटलं.

दुसरा बदल बँडचा. राउटरला दोन बँड असतात, एक हळू पण भिंतीपलीकडे पोचणारा, दुसरा वेगवान पण भिंत दिसली की अवसान गाळणारा. मी वेगवान बँड वेगळा केला, त्याला वेगळं नाव दिलं, सगळ्यांना त्यावर घेतलं आणि मोजायला लागलो, तर हॉलमधला आकडा एकदम निम्म्यावर. का? तर बाबांनी जाता-जाता राउटरचा अँटेना फिरवला होता. "वाकडा दिसत होता रे, सरळ केला."

"बाबा, एका वेळी एकच बदल ठरलं होतं ना?"

"मग एकच केला की. तू एक केलास, मी एक केला."

अँटेना पुन्हा वाकडा केला, पुन्हा मोजायला लागलो, तर ताईचं काहीच येईना. का? तर बाईंनी त्याच वेळी एक अख्खी मालिका डाउनलोडला लावलेली, पहिल्या भागापासून. "तू चाचणी घेतोयस ना? म्हटलं, भार टाकून बघावा." घोड्यावर बसायच्या आधीच त्याच्या पाठीवर कपाट ठेवायचं आणि मग म्हणायचं, भार टाकून बघावा. एका वेळी एकच बदल... मी भिंतीला सांगत होतो का?

फक्त आई. तुम्हाला सांगतो, संपूर्ण घरात नियम पाळणारी एकच व्यक्ती. तिने काही हलवलं नाही, काही फिरवलं नाही, विचारलं की लगेच आकडा. बँड बदलल्यावर पंचेचाळीस. राउटरवरचा जुना टेबलक्लॉथ काढल्यावर अठ्ठेचाळीस. राउटरचं सॉफ्टवेअर नवं केल्यावर तर बावन्न. कसा देखणा चढता आलेख... मी तर त्यावर उपपत्तीसुद्धा बसवली, की स्वयंपाकघरातल्या गुळगुळीत टाइल्सवरून लहरी परावर्तित होत असाव्यात आणि ओट्यापाशी एकवटत असाव्यात. 'असाव्यात' म्हटलं हं मी. खात्रीने म्हटलं नाही. पण मुलाखत कुठे द्यायची, ते ठरलं.

शुक्रवारी दुपारी स्वयंपाकघरात टेबल लावलं. ताईने भांड्यांच्या मांडणीवर चादर ताणून पार्श्वभूमी तयार केली, बाबांचा टीव्ही बंद, सगळ्यांचे फोन नेटवरून काढायला लावले, मिक्सरला हात लावायचा नाही अशी ताकीद. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ओट्याशेजारी बसलो, आणि आई कॅमेऱ्यात न येता सिंकपाशी उभी राहिली. "काही लागलं तर असावं माणूस," म्हणाली.

समोर तीन तज्ज्ञ. मधल्या अध्यक्षबाई, बारीक चष्म्याच्या, एकदम कडक. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला, मी नीट बोलतोय, ते मान हलवताहेत, माझा जीव भांड्यात पडतोय... आणि बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रबंधाचा विषय सांगा, थोडक्यात."

आता विषय माझ्या तोंडपाठ. मी म्हणालो, "घरोघरी जाऊन केलेल्या सर्वेक्षणांत, विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून लोक उत्तरं कशी फुगवून सांगतात, हा माझा..." आणि बाई गोठल्या. शेजारचे दोघेही गोठले. तिघांवर मिळून एकच चक्र फिरायला लागलं.

मी मान वळवली. म्हटलं, "आई, आत्ता किती आहे?"

आई तिथल्या तिथे, शांतपणे म्हणाली, "साठ."

"साठ? फोन कुठाय तुझा?"

"हॉलमध्ये. चार्जिंगला."

तुम्हाला सांगतो... पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती नुसती सरकत नाही, आधी टाइल टाइल करून निखळते. म्हटलं, "आई, मग हे सगळे आकडे? चाळीस, पंचेचाळीस, बावन्न?"

"अरे, तू तिथे चपलांपाशी उभा राहून इतक्या आशेने विचारायचास. काय सांगू?"

"खरं किती होतं?"

"चार. कधीकधी तीन."

"आई, माझी नोकरी आहे ही. आधीची अशीच गेली."

"म्हणून तर. सारखं चारच सांगितलं असतं तर जेवला असतास का चार दिवस?"

आणि तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "उमेदवार, आम्हाला तुमचं चित्र दिसत नाहीये. पण ऐकू सगळं येतंय."

मला वाटलं ओट्याखालच्या कप्प्यात शिरावं आणि आतून दार लावून घ्यावं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे तुमच्या प्रबंधातलं उदाहरण आहे का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. ही माझी आई आहे."

बाई म्हणाल्या, "त्यांना जरा जवळ बोलवा." आणि आई, हो, माझी आई, हात पुसत आली, माझ्याच खुर्चीवर बसली, आणि मुलाखत सुरू झाली. तिची.

"तुम्ही एकदम मोठा आकडा का नाही सांगितलात?" बाईंनी विचारलं.

"छे हो, एकदम सांगितला असता तर त्याला संशय आला असता. हुशार आहे तो," आई म्हणाली. "त्याने काही खटपट केली की मी थोडा वाढवायचे. नाही केली की तेवढाच ठेवायचे. नाहीतर त्याला वाटलं असतं, आपण काही केल्याने काही होतच नाही."

कडेला बसलेले गृहस्थ भराभर काहीतरी लिहून घेत होते, आणि मी माझ्याच मुलाखतीत फ्रिजला टेकून उभा होतो. शेवटी बाईंनी मला बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "अशा घरात खरा आकडा कसा मिळवाल?" मी म्हटलं, "मॅडम, आकडा विचारणार नाही. फोन मागून घेईन आणि स्वतः पाहीन. आणि पाहताना चेहरा पडू देणार नाही." त्यावर बाई प्रथमच हसल्या, असं मला वाटतं. चित्र अडकत होतं, खात्रीने सांगता येणार नाही.

आता चॅनल बदलल्याने फरक पडला की बँडमुळे, की कशानेच नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. सगळा नमुनाच दूषित. एका वेळी एकच बदल, हे तत्त्व योग्य आहे, पण ते आई नसलेल्या घरांसाठी असावं.

आणि काल सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो, तर आई माझा फोन खाली ठेवत होती. म्हटलं, "कुणाचा गं?"

"तुझ्या त्या मुलाखतवाल्यांच्या ऑफिसचा. तुला घेतलं म्हणे त्यांनी."

मी ओरडलोच, "घेतलं?" बाबा हॉलमधून ओरडले, "काय झालं?" ताई खोलीतून, "शास्त्रज्ञ?" माझे डोळे भरून आलेले, आणि आई आपली सावकाश पुढे सांगतेय, "सोमवारपासून सुरू. काम घरूनच करायचं आहे म्हणे. घरी नेट कसं आहे, ते विचारत होते."

"मग... काय सांगितलंस?"

"छान आहे म्हटलं."

"आकडा विचारला?"

"विचारला ना. एरवी साठच सांगितले असते रे, पण नोकरीचा प्रश्न... शंभर सांगितले."

तर असं आहे. नेटचा वेग काही वाढत नाही, आई आकडा काही कमी करणार नाही. तेव्हा सोमवारपासून मीच जरा सावकाश बोलायचं ठरवलंय.