उडणार नाही असं घर

…अहो, पत्रा म्हणजे नुसता पत्रा नसतो, तुम्हाला सांगतो! जाड किती, पातळ किती, हूक कुठला, खिळा कुठला… गेल्या वर्षीच्या वादळात आमचं छप्पर उडालं आणि त्याच दिवशी बायको बॅग भरून बहिणीकडे गेली. रागावून नाही हो, घाबरून! जाताना म्हणाली, "अहो, न उडणारं घर बांधा, मग बोलवा."

आता आली का पंचाईत! हार्डवेअरवाला म्हणतो, "काका, हा पत्रा घ्या, डोळे झाकून!" मी फोटो काढून हिला पाठवला. पलीकडून काय? "उडणार नाही ना?" कौलं दाखवली… "उडणार नाही ना?" शेवटी मिस्त्री वैतागला, "काका, स्लॅबच टाकू! पायापासून वरपर्यंत सळया एकमेकांत बांधून टाकतो, वर हत्ती नाचवा!" हिला सांगितलं. तर म्हणते, "खिडक्या उडणार नाहीत ना?" झालं! खिडक्या एवढ्याएवढ्याशा, त्यांना जाडजूड झडपा, बिजागऱ्या स्टीलच्या, कारण आमची समुद्राकाठची खारी हवा लोखंड खाते! अहो, लग्न ठरवताना एवढी चौकशी केली नव्हती मी! पण म्हटलं, करू. बांधकामाच्या शेडमध्ये एकटा पडलो होतो हो, भांडायलासुद्धा माणूस नाही! हिच्या घोरण्याशिवाय झोप लागेना. आठवण यायची… खोटं कशाला बोलू?

आली एकदाची! भिंत ठोकून पाहिली, म्हणाली, "मजबूत आहे हं!" माझी छाती ही एवढी फुगली! तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्राने वारा घेत म्हणते, "अहो, घर आहे की तिजोरी? वारा म्हणून येत नाही!" अगं बाई, तो येऊ नये म्हणूनच तर बांधलं! पण ऐकतंय कोण? गेली परत बहिणीकडे. तिथे म्हणे झुळूक येते.

मग मागच्या महिन्यात वादळाचा इशारा आला. तासाभरात ही दारात हजर! मागे मेहुणी, साडू, सासूबाई… "तुमच्याच घरात जिवाला घोर नाही हो!" बाहेर वारा नुसता घोंघावतोय आणि आत ही माझा दंड घट्ट धरून बसलेली. "उडणार नाही ना?" "नाही गं!" काय सांगू तुम्हाला, असं सुख! सकाळी ऊन पडलं… आणि गेली!

तेव्हापासून रोज हवामानाच्या बातम्या लावतो. "आकाश निरभ्र राहील," म्हणतात. सगळे खूश, आणि मी देवापुढे हात जोडून! कुणाचं नुकसान नको रे देवा, कुणाचं कौलही हलायला नको… पण एखादं छोटंसं, नुसतं इशाऱ्यापुरतं वादळ धाडलंस, तर तुझं काय जातं?