धुराची सलामी

माझं नाव शिवगंगा. माहेर आन सासर एकच गाव, कुंभारीच्या पुढं, अक्कलकोटच्या अंगाला. घरात कानडी, भाईर मराठी, आन एमआयडीसीत टॉवेलच्या शिलाईला जाते तवापासनं तेलुगूबी थोडं समजतंय. आमच्या घरात पलटणीतली एक बंदूक हाय, पणज्यानं आणलेली. नळीच्या तोंडातनं दारू घालायची, वरनं कापडाचा बोळा, मग गजानं ठासायचं, ठिणगी पाडणारी टोपी लावायची आन उडवायची, गोळी न्हाय घालायची, नुसता आवाज. जत्रंत पालखी देवळाभाईर निघाली की आमच्या घरची सलामी झाल्याबिगर पुढं पाऊल टाकत न्हाय, लई जुना मान हाय तो.

तो मान अप्पाकडं होता, अप्पा म्हंजे माझे वडील. पन काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, आन मला भाऊ न्हाय. मग लोक सुतळी बॉम्ब लावाय लागले. अप्पा त्या दिवशी दार लावून घरात बसायचे. एका जत्रंला मी ते दार ढकलून आत गेले. मी म्हनलं अप्पा, मी उडवते. अव्वा, म्हंजे माझी आई, म्हनली येडी का काय तू, बाईमानसानं बंदूक धरायची? अप्पा म्हनले, आधी साफ करायला शीक. मग लायसन माझ्या नावावर करायला हेलपाटे घातले, रजा टाकून टाकून, सुपरवायझर म्हनायचा बाई, लढाईवर निघालीस का. शहरात मौलाचाचा बंदुका दुरुस्त करत्यात, त्यांच्याकडं शिकले. चाचा म्हनायचे बेटी, ये बुड्ढी हाय, इसको इसकीच दारू देना. म्हंजे काळी दारू, कोळशाची, धुराची.

आली जत्रा. पालखी सजली, हलगी वाजाय लागली, आन मी डबा उघडला तर दारूला ओल लागून ढेकळं झालेली. तेवढ्यात चुलतभाऊ शिवानंद आला, त्यो बँकेत वॉचमन होता, त्याची सोताची नवी बंदूक हाय. त्यानं आपली काडतुसं फोडून आतली दारू कागदावर काढून आणली. म्हनला अक्का, ही घाल, नव्या जमान्यातली, धूर न्हाय, घाण न्हाय, आन आवाज बघ कसा येतोय. मन त्याचं चांगलंच होतं, काकाचा मान जाऊ नये म्हनून तर धावला. पंच म्हनले घाल की बाई, पालखी खोळंबली.

मी चिमूटभर अप्पाच्या तळहातावर ठेवली. अप्पांनी बोटानं रगडली, म्हनले चुरली का गं? मी म्हनलं न्हाय, पापडीसारखी तशीच हाय. तर म्हनले आपली काळी दारू रगडली की पीठ हुती, ही आपली न्हवं, ही एकदम जोर मारती, आपली नळी फुटंल.

शिवानंद हसला, म्हनला अक्का भ्याली, दे हिकडं, मी उडवतो, आन त्यानं बंदुकीला हातच घातला. सगळं गाव बघतंय. मी बंदूक छातीशी घट्ट धरली, म्हनलं लायसन माझं हाय, मान माझ्या बापाचा हाय, आन हात तुझा जाईल, देणार न्हाय. पालखी थांबंल. मागनं कोनतरी बोललं, बाईच्या हातात दिलं की असंच हुतं. आमचे मालक, म्हंजे माझा नवरा, तसे तोंडातनं शब्द न काढणारे, पन त्यांनी तवाच गाडीला किक मारली आन शहराकडं गेले.

पालखी उभी. खांदे बदलत्यात, पंच माझ्याकडं बघत्यात, मी मान वर करून उभी, पन आतनं देवाला म्हनत होते, बाबा, लवकर आण त्यांला. आन आली की गाडी! मागं मौलाचाचा, दुकान बंद करून, मांडीवर काळ्या दारूचा डबा धरून. कागदावरची दारू बघून त्यांनी कपाळाला हात लावला, शिवानंदला म्हनले अरे बाबा, आज हात जाता तेरा. शिवानंदचं तोंड पांढरं पडलं.

चाचा बाजूला झाले, म्हनले अब तू. मी ठासली, टोपी लावली, नळी आभाळाकडं केली आन चाप ओढला. काय त्यो आवाज! शिखरावरचे सगळे पारवे उडाले, पांढरा धूर असा लोटला की पालखी दिसंना, मानसं दिसंनात, आन त्या धुरात हलगी अशी कडाडली म्हनता! पहिला गुलाल माझ्या डोक्यावर शिवानंदनंच उधळला. अप्पा देवळाच्या पायरीवर तोंड वर करून त्यो धूर छातीत ओढून घेत होते, आन कानडीत म्हनत होते नन्न मगळु, नन्न मगळु. माझी लेक, माझी लेक.

आता दर जत्रंला मीच उडवते. शिवानंद गज धरून उभा असतो, अव्वा आदल्या दिवशी नळीला हळदकुंकू लावती, कारखान्यातल्या बाया येत्यात, सुपरवायझर बायकोला घेऊन आला की. अप्पा थकलेत, पन हात धरून नेते त्यांला पायरीपतोर. तुमीबी या, हुग्गी, म्हंजे आमची गव्हाची खीर, खाऊन जावा. आईबापाच्या तोंडावर तसं हसू बघायचं नशीब देव तुमालाबी देवो, आनखी काय मागू.