उन्हाळ्यातही चादर लागते

छातीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी मांडीवर मुलीला घेतलेली एक बाई आणि एक्स-रेचं पाकीट धरलेले एक आजोबा बोलत होते.

“लेकीला काय होतंय?”

“खोकला हो, आजोबा. नव्या वसाहतीत राहायला गेलो तेव्हापासून हटतच नाही. शेजारी अजून चार इमारतींची कामं चाललीत. खिडकी उघडली की ताटात सिमेंट.”

“टेकडीजवळची वसाहत का?”

“टेकडी कुठली आता, अर्धी खाल्ली की बिल्डरांनी. पण हो, तीच. आमचे हे जाहिरातीतल्या एका वाक्यावर पाघळले.”

“कुठल्या?”

“‘इथे उन्हाळ्यातही पहाटे चादर लागते.’”

“ते माझं वाक्य आहे.”

“तुमचं म्हणजे?”

“जमीन माझीच होती. ती विकताना त्यांचा माणूस काय काय विचारत होता आणि मी आपला कौतुकानं सांगत सुटलो. त्यानं लिहून घेतलं.”

“म्हणजे थाप होती ती?”

“थाप नव्हती, बाई. टेकडीवर झाडं होती तोवर खरंच लागायची. आता मीही तिथंच दुसऱ्या मजल्यावर राहतो. चादर अजून पायाशी घेऊन झोपतो. पहाटे तशीच घडी असते.”

“आजोबा, मग सांगा ना, कशी असायची ती पहाट?”

“आता ऐकून काय करणार?”

“आमचा नंबर यायला वेळ आहे. सावकाश सांगा. हीसुद्धा जागीच आहे.”