शंभूच्या गाडीचा आवाज

परभणीच्या वसमत रस्त्यावरील गॅरेजात स्कूटी दुरुस्त होण्याची वाट पाहत अनुपमा बसली होती. तेवढ्यात एक जुनी मोटार असा काही गडगडाट करीत आत शिरली, की तिने कानांवर हात ठेवले. मोटारीतून कपाळी विभूती लावलेले एक वृद्ध गृहस्थ सावकाश उतरले.

“मुनीरभाई, सायलेन्सर बदला. आवाज बंद करा.”

“चंद्रप्पामामा, मी कवाचा म्हणायलोय, पार फुटलाय. तुमीच म्हणायचे, पोराची गाडी हाय, शंभूला असाच आवाज आवडायचा.”

“आता बंदच करा. गाडी कोपऱ्यावर आली की तुमची मामी पदर सावरत दाराशी येती. म्हणती, शंभू आला.”

“अरे रे! मामीच्या ध्यानात न्हाई?”

“राहत न्हाई. पोरगा लिंगैक्य झाला, आता येणार न्हाई, हे रोज दारात उभं राहून सांगायलोय. ती रोज पहिल्यांदाच ऐकती. लय थकलो.”

“मग इकून टाका की गाडी.”

“आन् तिला दवाखान्यात काय खांद्यावर नेऊ?”

मुनीरने नवा सायलेन्सर बसवला आणि गाडी चालू केली. इंजिनाची मंद घरघर तेवढी उरली.

“बगा, मांजराच्या पावलानं चालंल आता. कोपऱ्यावर हॉर्न देत जा मामा, म्हंजे मामीला कळंल तुमी आलात.”

“मी आलो म्हणून ती उठत न्हाई, मुनीरभाई.”