जुन्या पाण्यात नवं पाणी

—तसं नाही जी सर, पेढा उचला, तुम्हीच आणले न! इरावती आंघोळीले गेली, येतेच. नव्या रायपुराहून गाडी काढून आले, तेही पोट्टीचं अभिनंदन कराले — मी तिची आई आहो, मलेच रडू येऊन राहिलं. म्हणजे नोकरी पक्की न आता? अहवाल दिल्लीले गेला की पक्की — हव? बाप्पा! मले समजते सारं, इरानं सांगितलं. सरगुज्याकडच्या गरम कुंडाचं पाणी कोणत्या डोंगरावर पाऊस होऊन पडलं, हे तुम्ही त्याच्यातल्या जड-हलक्या हायड्रोजनवरून काढता. आणि ते ट्रिटियम — नव्या पावसात असते, जुन्या पाण्यातून सरून जाते. लेकीची उमर लग्नाच्या बायोडाटात लपवता येते, पाण्याची नाही लपत! — अं? नाही जी, इराची कुठं लपवली... म्हणजे थोडीशी. ते जाऊ द्या.

तर हजारो वर्षांच्या पाण्यात ट्रिटियम निघालं — म्हणजे कुठून तरी ताजं पाणी मिसळून राहिलं, खडकात भेग आहे, आजवर कोणाले दिसली नाही, माह्या पोट्टीनं पकडली! आणि ह्याच घरात होत्या त्या बाटल्या. तुमची प्रयोगशाळा सुट्टीत बंद, म्हणून आमच्या फ्रिजमध्ये ठेवल्या तिनं. आता कुंडाचं तीर्थ घरात, अन् पाऱ्या-मोहल्ल्यातल्या बाया सोडतील का? शांताबाईचे गुडघे धरलेले, तिले वाटीभर देलं, मग तिच्या जावेले, मग जावेच्या विहिणीले — नाही सर, घाबरू नका, कमी नाही झालं! मी काय येडी आहो? घरचं गंगाजल सराले आलं की वरून पाणी टाकतोच न आपण, सारं गंगाच होते — तसंच केलं. इरा म्हणते, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्याचा नाही. एक नाही राहू देला! काठोकाठ भरलं, टेप जशीच्या तशी लावली. कोणतं पाणी म्हणजे? मोरीतल्या नळाचं. खारुन नदीचं, चांगलं असते. एकाच बाटलीत? छे! सगळ्यांत. देवाच्या पाण्यात दुजाभाव करते का कोणी? अन् शांताबाई जिना चढून राहिली आता —

सर? पेढा खाली काहून ठेवला?

थांबा. ते ताजं पाणी... ती भेग... अवं माय. ती भेग आमच्या मोरीत आहे का जी?

सर, ऐका न. पोट्टीचा काही दोष नाही, तिले ठाऊकच नाही. अहवाल थांबवा, तिले नका थांबवू. पुन्हा भरून आणू बाटल्या, मी सोता जाते तिच्यासंग — बरं, मी नाही जात. फ्रिजले कुलूप लावते, किल्ली तुम्हीच ठेवा. हळू बोला सर, हळू — आली ती.

ये इरे. हव, सरच आहेत. नवी साडी नेसली का वं? छान दिसून राहिली.

बस इथं माह्याजवळ. — नाही, पेढा नको घेऊ अजून.