मुर्दा व्हायला कोणी तयार नव्हतं

लिहिण्यात चुका असतील, शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या. शाळा चौथीतच सुटली माझी. रोहिणखेडला आमच्या गणपतला विहिरीतून काढलं, तेव्हा आम्ही सारे नुसते बघत राहिलो आणि तो गेला. म्हणून मी बुलढाण्याच्या शिबिरात जाऊन छाती दाबायला, तोंडानं श्वास द्यायला शिकलो. गावात शिकवायचं तर कोणीतरी आडवं पडायला हवं. मित्र शेषरावला म्हटलं, "पड ना, हात कुठं ठेवायचे तेवढंच दाखवतो."

"मुर्द्यावानी पडू काऊन बे? माही माय पाहीन तं टाहो फोडीन."

पारावर जमलेले सगळे हसत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःच पारावर आडवा झालो. "शेषराव, मीच मुर्दा. ये, वाचव मले."